डुगडुग कुणाची, भिंगरी कुणाची?

माझ्या मावसभावाने दिवाळीत गाडी घेतली आणि होळीच्या आत विकली. नुकसान रोख चाळीस हजार. शिवाय भरलेले हप्ते आणि मावशीचे टोमणे वेगळेच!

गाडीत काही खोट होती का? अजिबात नाही. गाडी एकदम झक्कास होती. गोल हेडलॅम्प, पाण्याच्या थेंबासारखी टाकी, चकचकीत सायलेन्सर. कंपनीचं नाव नको, कारण चूक कंपनीची नव्हतीच. चूक ही, की साहेबांनी चेहरा बघून लग्न ठरवलं आणि स्वभाव विचारलाच नाही.

आता गंमत बघा. तीच गाडी त्याच्या मित्राने घेतली. तो दर शुक्रवारी संध्याकाळी पुण्याला जातो, रविवारी रात्री परत. तो गाडीवर जाम खूश आहे. इंजिन तेच, टायरसुद्धा तेच, बदलला फक्त माणूस. रेट्रो गाड्यांचा हा फंडा शोरूममध्ये कुणी सांगत नाही, म्हणून आज त्यावरच बोलू.

तशी आपल्या गावाला दुचाकी शिकवायची म्हणजे काशीला जाऊन गंगा दाखवायची. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून तेव्हाच्या औरंगाबादेत आणि आताच्या संभाजीनगरात घरटी एक माणूस असा सापडतो, जो एकतर बजाजमध्ये आहे नाहीतर त्यांना पार्ट पुरवणाऱ्या कंपनीत. तरीही गाडी घेताना आपण विचारतो काय? अ‍ॅव्हरेज किती आणि ईएमआय किती!

तर बॉस, मुद्दा आहे स्ट्रोकचा. म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली किती अंतर जातो ते. जुन्या ३५० बुलेटचा सिलिंडर ७० मिलिमीटर रुंद आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. उंच, सडपातळ. पिस्टनला प्रत्येक फेरीत लांब पल्ला मारायचा असतो, त्यामुळे तो फार वेगात पळवता येत नाही. अशा इंजिनाला बहुतेक वेळा जड फ्लायव्हील देतात. आजीचं जातं आठवा. सुरुवातीला ओढायला जड, पण एकदा फिरलं की स्वतःच्या वजनानं फिरत राहतं. डुगडुग येते ती इथून.

याच्या उलट २०२३ साली आलेली ट्रायम्फ स्पीड ४००. चेहरा जुना, गाडी बनवते आपलीच बजाज, पण चाकणला. आतलं इंजिन मात्र ८९ मिलिमीटर रुंद आणि स्ट्रोक फक्त ६४. बसकं, रुंद. हे जातं नाही, ही भिंगरी. आली तेव्हा कंपनीने सांगितलेले आकडे असे: ४० पीएस ताकद ८००० आरपीएमला आणि ३७.५ न्यूटन मीटर टॉर्क ६५०० आरपीएमला. म्हणजे खरी मजा हवी तर पिळायला लागणार.

आणि २०२० साली आलेली होंडा हायनेस? तिचा स्ट्रोक ९०.५, सिलिंडर ७०. जवळजवळ जुन्या बुलेटचंच माप! जपानी लोकांनी अभ्यास करूनच पेपर दिला होता. ३० न्यूटन मीटर टॉर्क तो फक्त ३००० आरपीएमला. २०२१ च्या नव्या क्लासिकचं माप ७२ बाय ८५.८, टॉर्क २७, आणि तो ४००० ला. आत बॅलन्सर शाफ्ट टाकलाय, त्यामुळे जुनी थरथर गेली. काहींच्या मते त्याबरोबर आत्माही गेला. माझ्या मते फक्त हाताच्या मुंग्या गेल्या!

आता भावाकडे या. हा राहतो सिडकोत, नोकरी वाळूजला. रोज सेव्हन हिल्स, मोंढा नाका, क्रांती चौक, बाबा पेट्रोल पंप, नगर नाका. पूल आहेत, पण ज्याला खालून वळायचं त्याचं नशीब सिग्नलवर. दहा वर्षं शंभर सीसी चालवलेला माणूस. चाळीसच्या स्पीडला टॉप गिअर टाकणार म्हणजे टाकणार, पेट्रोल वाचतं ना! भिंगरी इंजिनाला ही सवय चालत नाही. चाळीसला सहावा टाकला की ते आचके देतं, मग पाचवा, मग चौथा. एप्रिल-मेची तर वेळच आली नाही. फेब्रुवारीतच दुपारच्या शिफ्टला सिग्नलवर रेडिएटरचा पंखा सुरू झाला की याच्या मांडीला गरम झळ. ‘ताई, गाडी नाही गं, इस्त्री घेतली मी,’ असं त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हाच मी ओळखलं, ही टिकत नाही.

त्याच्या मित्राचं गणित वेगळं. नगर रोडला लागला की मोकळा रस्ता, नव्वद-शंभरला इंजिन शांत आणि ओव्हरटेकला मनगट जरा फिरवलं की गाडी पुढे. (समृद्धीवर दुचाकीला एंट्रीच नाही, तेव्हा ती स्वप्नं बघू नका.) अशा माणसाला जुनी लोखंडी बुलेट दिली तर तो शिरूरच्या आधीच हात झाडत उतरेल.

आमचे बाबा तिसऱ्याच जातकुळीतले. त्यांच्याकडे जुनी बुलेट होती, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. पंचवीस वर्षं चालवली. दर शनिवारी आईला मागे बसवून खुलताबादला, भद्रा मारुतीला. माझ्या मैत्रिणीची नवी क्लासिक त्यांना चालवायला दिली, तर पहिल्याच चौकात गिअर समजून ब्रेक दाबला! पण दौलताबादचा घाट सुरू झाला आणि माणूस बदलला. मी मागे. वळणावर मी वाट बघतेय की आता गिअर खाली टाकतील. नाही. तिसऱ्यातच गाडी हळू केली, थ्रॉटल थोडा दिला आणि गाडी हत्तीसारखी निवांत वर. परतीच्या वाटेवर मी चालवली, माझ्या सवयीने जोरात. मागून आवाज आला, ‘अगं, कशाला पिळायलीस तिला? तिला तिच्या चालीनं चालू दे ना.’

दुसरं कुणी एवढ्या थोडक्यात मला लाँग स्ट्रोक शिकवला नव्हता. घरी आल्यावर मात्र म्हणाले, ‘चांगली आहे, पण शिवणयंत्रासारखी वाजतेय.’ आता त्यांना बॅलन्सर शाफ्ट कोण समजावणार?

माझी स्वतःची गोष्ट अजून वेगळी. उंची पाच फूट दोन इंच, आणि फ्रीलान्सिंग म्हणजे सकाळी शेंद्र्यात मुलाखत, दुपारी विद्यापीठ, संध्याकाळी गुलमंडीत फोटो. क्लासिक १९५ किलोची. चालताना वजन कळत नाही, पण पैठण गेटच्या गर्दीत पार्किंगमधून मागे ओढताना प्रत्येक किलो मोजता येतो. म्हणून मी हंटरकडे वळले. २०२२ ला आली तेव्हा वजन १८१ किलो, चाकं सतरा इंची. गंमत म्हणजे इंजिन क्लासिकचंच, तेच ३४९ सीसी. पण वजन आणि चाकं बदलली की तेच इंजिन जरा चुणचुणीत वाटतं. एकाच आईची दोन पोरं असतात ना, तसं.

पैशाचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४०. त्यामुळे भिंगरीची हौस असेल तर हिशेब करून घ्या.

आणि टेस्ट राइडला शोरूमवाला समोरच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊन परत आणतो, त्यावर समाधान मानू नका. हट्ट करा. भर ट्रॅफिकमध्ये न्या. तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या स्पीडला थ्रॉटल द्या आणि काय होतं ते बघा. रोज ज्याला मागे बसवणार त्याला त्या दिवशीही बसवा. लाजायचं काय त्यात, हप्ते तुम्ही भरणार आहात!

मी तेच केलं. मागच्या रविवारी आईला घेऊन शोरूममध्ये गेले. हंटरच्या मागच्या सीटवर ती पदर सावरून बसली, दोन्ही बाजूंनी हात फिरवून बघितला आणि सेल्समनला विचारलं, ‘बसायला पुरेल, पण नारळाची पिशवी कुठं अडकवायची?’

त्याने माझ्याकडे बघितलं. मी इंजिनकडे.