मोटारीचा मेंदू आणि मालकाचा हक्क

मोटारीच्या इंजिनाला हवा किती आणि इंधन किती द्यावयाचे, हा प्रश्न एके काळी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून सुटत असे. मिस्त्रीचा कान चांगला असला की काम भागे. आता तो निर्णय इंजिनाचा संगणक घेतो, आणि हौशी मंडळींनी त्या संगणकालाच हात घातला आहे. मोठा टर्बोचार्जर, मोठे इंजेक्टर आणि नव्याने लिहिलेली आज्ञावली यांच्या बळावर जुन्या मोटारीतून कितीतरी अधिक शक्ती काढणे हा कॅलिफोर्नियात एक प्रतिष्ठित छंद आहे. त्या छंदाला कायद्याने कोठवर मोकळीक द्यावी, हा वाद मात्र छंदापुरता राहिलेला नाही.

हे काम पोरखेळ नव्हे. टर्बोचार्जर धुराच्याच जोरावर फिरतो आणि सिलिंडरमध्ये हवा दाबून भरतो. हवा वाढली की इंधन वाढवावे लागते, ठिणगीचा क्षण मागे घ्यावा लागतो. अन्यथा मिश्रण भलत्या वेळी पेटून पिस्टनचा चुराडा होतो. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने १४.७ भाग हवा लागते. पूर्ण दाबाखाली सिलिंडर फार तापू नये म्हणून हे प्रमाण बाराच्या आसपास आणतात. म्हणजे काही पेट्रोल केवळ थंडाव्यासाठी खर्ची पडते. धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक मात्र १४.७ च्या अगदी निकट असतानाच चोख काम करतो. आनंद मालकाचा, कार्बन मोनॉक्साइड शेजाऱ्याचा. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे याहून स्वच्छ (की अस्वच्छ?) उदाहरण शोधावे लागणार नाही.

तेव्हा ‘गाडी माझी, मी हवे ते करीन’ हा युक्तिवाद टिकत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, मागील दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची प्रदूषण-नियंत्रक साधने निकामी करण्यात आली होती. परंतु ‘गाडी तुमची, आज्ञावली आमची’ हा उत्पादकांचा दावाही तितकाच आक्षेपार्ह आहे. जॉन डिअर कंपनीने २०१५ मध्ये असे प्रतिपादन केले की, ट्रॅक्टर विकत घेणाऱ्यास त्यातील आज्ञावलीचा केवळ वापर-परवाना मिळतो! त्याच वर्षी दुरुस्तीसाठी आणि कायदेशीर फेरबदलासाठी हे कुलूप उघडण्याची मुभा अमेरिकन सरकारने दिली, हे योग्यच झाले. आणि उत्पादकांच्या कुलपाआड सर्व काही शुद्ध असते, असेही नाही. फोक्सवॅगनने चाचणी ओळखणारी आज्ञावली जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत दडवली होती, हे २०१५ मध्येच उघड झाले. भारतातही तिला ३,२३,७०० मोटारी परत बोलवाव्या लागल्या.

कॅलिफोर्नियाने यातून काढलेला मार्ग विचार करण्याजोगा आहे. बदललेला भाग वा आज्ञावली विकणाऱ्याने धूर वाढत नाही हे चाचणीने सिद्ध करावे, राज्याच्या हवा मंडळाने त्यास मान्यता-क्रमांक द्यावा, मग ग्राहकाने तो भाग खुशाल बसवावा. १९ जुलै २०२१ पासून तपासणी केंद्रे संगणकातील आज्ञावलीही पडताळतात. ती मूळची किंवा मान्यताप्राप्त नसेल, तर मोटार नापास.

तत्त्व निर्दोष आहे. खर्चाची विभागणी तशी नाही. चाचणीचा खर्च एकरकमी असतो. हजारो नग विकणाऱ्या कंपनीस तो जाणवत नाही; एकाच गाडीची आज्ञावली रात्री जागून लिहिणाऱ्यास तो परवडणे अशक्य. त्याचा धूर खरोखर वाढला की नाही, हे कोणी विचारतच नाही. गंमत अशी की, १९७६ ते १९९९ या काळातील मोटारी रोलरवर चालवून त्यांचा धूर मोजण्याची यंत्रे तेथील शहरी केंद्रांत आहेत. २००० नंतरच्या पेट्रोल मोटारींना मात्र केवळ संगणकाची जबानी घेऊन सोडले जाते. ज्यांचा मेंदू बदलला जातो, त्यांचाच धूर मोजायचा नाही, हा कोणता न्याय?

त्या यंत्रांवर अशा मोटारी, इंजिनावर पुरेसा भार देऊन, माफक शुल्कात तपासाव्यात. उत्तीर्ण आज्ञावलीची खूण नोंदवावी आणि पुढील प्रत्येक तपासणीत ती ताडून पाहावी. खूण ताडण्याची व्यवस्था २०२१ पासून हाताशी आहेच. उरतो प्रश्न चाचणीच्या शुल्काचा, आणि तो मंडळाने सोडवावयाचा आहे.