वजनकाट्यापलीकडचा धोका

पश्चिम लंडनच्या साउथॉल परिसरातील दक्षिण आशियाई रहिवाशांची तपासणी करून मॅकीग, शाह आणि मार्मट या संशोधकांनी १९९१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. गोऱ्या शेजाऱ्यांच्या तुलनेत या लोकांमध्ये पोटाभोवतीची चरबी जास्त होती, मधुमेहही जास्त होता. तेथील शिखांमध्ये धूम्रपान कमी, तरी हृदयविकाराचा धोका मात्र अधिक. म्हणजे केवळ सिगारेट आणि वजन पाहून हा धोका कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, हा परदेशी राहणीचा दोष. ती राहणी भर घालते हे खरे. पण मुळे त्याआधीची आहेत. मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत पाहिलेली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधील बाळांपेक्षा त्यांचे स्नायू कमी, त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकलेली. दुसरा आक्षेप असा की, मूळच जन्मापूर्वीचे असेल तर उपाय काय? जन्मापूर्वीचा वारसा बदलत नाही, पण रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कंबरेचा घेर आटोक्यात ठेवता येतो. अमेरिकेच्या २०१८च्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेने दक्षिण आशियाई वंशाला धोका वाढवणारा घटक मानले, ते कोणाला हिणवण्यासाठी नव्हे, तर वेळीच सावध करण्यासाठी.

म्हणून लंडन असो वा न्यू जर्सी, तिथल्या आपल्या माणसांना एकच विनंती: ‘मी तर बारीक आहे’ या समाधानावर विसंबू नका. टेप घ्या, कंबर मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरला इशारा सुरू होतो.