पाहुणा आला की कुत्रा अंगावर धावतो?

आमच्या चिकलठाण्यात कुत्रा पाळलेली घरं बरीच. कुणाकडे लॅब्रॅडॉर, कुणाकडे पॉमेरेनियन, आणि काही घरी गावाकडून आणलेला कारवानी. घरातल्यांसाठी हा प्राणी गाय असतो अगदी. पण फाटकाची कडी वाजली, गॅसवाला आला, मुलांचे मित्र आले की तोच असा काही उसळतो की आलेला माणूस जिन्यावरूनच परत जातो. मग घरात वाद सुरू होतात. हे म्हणतात, "गावी सोडून येतो." मुलं रडतात. आणि मधल्या मध्ये सगळ्यांचं ऐकायचं असतं आपल्याला!

माझ्या शेजारच्या वहिनींकडे हेच झालं. दसऱ्याच्या सुमारास त्यांनी माहेरच्या शेतावरून आठ महिन्यांचा कारवानी आणला. नाव राजा. महिन्याभरात दूधवाल्याने पिशवी फाटकाला अडकवून जायला सुरुवात केली, आणि धुण्याभांड्याच्या मावशींनी तर सरळच सांगितलं, "तो बांधलेला असेल तरच येईन." सासूबाईंचा सल्ला ठरलेला, "दोन रट्टे द्या, आपोआप सुधरेल."

वडीलधाऱ्यांचा मान राखून सांगते, रट्टे देऊ नयेत. असा कुत्रा शूर नसतो, घाबरलेला असतो. नीट पाहा: कान मागे पडलेले, शेपूट पोटाशी, अंग ताठ, पाठीवरचे केस उभे, मधूनच ओठ चाटणं किंवा उगाच जांभई. तो भुंकतो ते "लांब राहा" म्हणून. आणि त्याच्या दृष्टीने हा उपाय रोज लागू पडतो, कारण दूधवाला, पोस्टमन, कुरिअरवाला हे सगळे आपापलं काम करून निघूनच जातात ना! त्याला वाटतं, मी भुंकलो म्हणून गेला. त्यात परका माणूस दिसला की मार मिळू लागला, तर परका माणूस म्हणजे दुखणं, ही गाठ आणखी पक्की होते. काही कुत्रे माराच्या भीतीने गुरगुरणं सोडतात आणि सरळ चावतात. गुरगुरणं ही सूचना आहे, ती बंद पाडणं धोक्याचं.

कारवानीबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. हा आपल्या मराठवाड्यातला कुत्रा. उंच, सडपातळ, निमुळत्या तोंडाचा. कानाला-शेपटीला लांब रेशमी केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. कर्नाटकातला मुधोळ हा त्याचाच भाऊबंद. त्याच्यावर २००५ साली डाक खात्याने तिकीटही काढलं. नजरेने सावज हेरून सशामागे धावावं म्हणून हा पिढ्यान्‌पिढ्या जोपासला गेला. (ती शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली, ते बरंच झालं.) त्यामुळे त्याला लांबचं हललेलं लगेच दिसतं आणि परक्याने अंगाला हात लावलेला मुळीच खपत नाही. शिवाय पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना जी माणसं, आवाज, वाहनं पाहतं ती त्याला आपली वाटतात. राजाने त्या वयात पाहिलं काय, तर शेत, गुरं आणि घरची पाच माणसं. इथे आला तर एमआयडीसीची पाळी सुटलेली, मोटारसायकलींची रांग, डोक्यावर हेल्मेट, वरून विमान. माणूसही बावरेल हो!

औषध आहे ते अंतर आणि खाऊ. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह पचनक्रियेचा अभ्यास करत होते, त्यासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिकही मिळालं. त्या कामात त्यांच्या लक्षात आलं, की खाणं येणार अशी खूण कळली की कुत्र्याच्या तोंडाला आधीच पाणी सुटतं. आपल्याला परका माणूस हीच ती खूण करायची आहे.

वहिनींनी असं केलं. पाळी सुटण्याची वेळ टाळून दुपारी राजाला साखळीऐवजी छातीपट्टा घालून गल्लीच्या टोकाला न्यायचं. माणूस दिसतो आहे पण राजा अजून भुंकत नाही, इतक्या अंतरावर थांबायचं. राजाच्या बाबतीत हे अंतर सुरुवातीला चांगलं साठ-सत्तर पावलं निघालं. माणूस दिसला की लगेच वाटाण्याएवढा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. माणूस दिसेनासा झाला की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा, आधी माणूस, मग खाऊ. खाऊ आधी दाखवलात तर त्याला ती लबाडी कळते आणि पिशवी वाजली तरी तो घाबरू लागतो. शाकाहारी घरात पनीर चालतं. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट मात्र अजिबात नको. कुत्र्याला ती विषारी. रोज पाच मिनिटं पुरेत, आणि तेवढी भाकरी संध्याकाळी कमी घालावी.

काही दिवसांनी माणूस दिसला की राजा आपणहून वहिनींच्या तोंडाकडे पाहू लागला. तेव्हा दोन-चार पावलं पुढे. तो भुंकला तर रागवायचं नाही, खेचायचं नाही, "चल" म्हणून मागे वळायचं. आपण फार जवळ गेलो इतकाच त्याचा अर्थ. दूधवाल्यापर्यंत पोचायला त्यांना तीन महिने लागले. हेल्मेट घातलेल्या माणसाशी राजाचं अजूनही जमलेलं नाही.

घरात वेगळी व्यवस्था लागते. फाटकाच्या जाळीला आतून कापड किंवा तरट लावा, म्हणजे दिवसभर रस्त्याकडे पाहून भुंकणं थांबेल. फाटकाशीच साखळीने बांधून ठेवणं सर्वांत वाईट; त्याला पळता येत नाही, मग अंगावर जाणं एवढंच उरतं. एरवी घरात कुणी नसताना आपणच बेल वाजवावी आणि आतल्या खोलीतल्या त्याच्या पोत्यावर खाऊ टाकावा. बेल वाजली की पोत्यावर जायचं, हे त्याला आठवड्या-दोन आठवड्यांत कळू लागतं.

पाहुण्यांनाही शिकवावं लागतं, आणि ते काम कुत्र्यापेक्षा अवघड! आपल्याकडे माणूस "काही करत नाही ना?" असं विचारतच डोक्यावर हात ठेवतो. त्यांना सांगा, डोळ्यांत पाहू नका, वाकू नका, हात पुढे करू नका, तिरके बसा. तो वास घेऊन गेला तर जाऊ द्या. लहान मुलं असतील तर कुत्रा आतच, दार बंद. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीस बायका येणार, त्या दिवशी परीक्षा घेऊ नये. वहिनींनी राजाला मागच्या खोलीत हाड देऊन ठेवलं, रेडिओ लावला, आणि वाण निवांत लुटलं.

चावण्याचा संशय असेल तर बाहेर नेताना पिंजऱ्यासारखं मुसकं घाला, ज्यातून त्याला धापा टाकता येतील, पाणी पिता येईल. फडक्याने तोंड बांधू नये, उन्हात जीव जाईल. कुत्रा एकाएकी असा वागू लागला असेल तर आधी गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. कान किंवा सांधा दुखत असला तरी तो असा चिडतो. रेबीजची लस डॉक्टर सांगतील त्या तारखेला, दरवर्षी, आणि कार्ड रेशनकार्डाजवळ ठेवा म्हणजे सापडेल. कुणाला दात लागलाच, ओरखडा का असेना, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. घरचा कुत्रा आहे, लस दिलेली आहे, असं म्हणत थांबू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि कुत्र्याचं कार्ड सोबत न्या.