रात्री दोन वाजता कोण उठणार?

पुण्यात साठीच्या पुढची चार माणसं एकत्र बसली की हल्ली अर्ध्या तासात विषय तिथे येऊन ठेपतो: पुढे काय करायचं? मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगळुरूला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आणि दोघांपैकी एकाचे गुडघे कामातून गेलेले. मग कुणी ‘अथश्री’त चौकशी केल्याचं सांगतं, कुणी म्हणतं आम्ही बाई ठेवू, आणि कुणीतरी एकदम चिडून म्हणतं, ‘मी वृद्धाश्रमात पाऊल ठेवणार नाही.’ तिथून पुढे घर की आश्रम असा वाद रंगतो. मला वाटतं, आधी वेगळ्याच गोष्टीवर बोलायला हवं. अंगातली ताकद कमी होत जाईल तसतसं आपलं कोण करणार? अंघोळ कोण घालणार, रात्री दोन वाजता बाथरूमला जायचं झालं तर कोण उठणार? याचं उत्तर सापडलं की कुठे राहायचं ते बरंचसं आपोआप ठरतं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुण्याच्या आसपास ज्येष्ठांसाठीच्या सोसायट्या बऱ्याच झाल्या. परांजपे स्कीम्सची ‘अथश्री’ त्यातली सगळ्यांना ठाऊक असलेली. स्वतःचा फ्लॅट, खाली डायनिंग हॉल, ठरावीक दिवशी येणारे डॉक्टर, संध्याकाळी गप्पांना समवयस्क मंडळी. ज्यांना स्वयंपाकाचा कंटाळा आलाय आणि एकटेपणा खायला उठतो, अशा हिंडत्या-फिरत्या माणसांसाठी ही सोय उत्तम आहे. तिथे गेल्यावर चेहरे फुललेली जोडपी मी पाहिली आहेत. महारेराने 2024 मध्ये अशा प्रकल्पांसाठी किमान निकष घालून दिले. दार किमान 900 मिलिमीटर रुंद हवं, म्हणजे व्हीलचेअर आत जाते. चाकाच्या खुर्चीला चालेल अशी लिफ्ट आणि उतार, बाथरूममध्ये न घसरणाऱ्या फरश्या आणि धरायला कठडे हवेत, आणि हे सगळं विक्री करारात लिहिलेलं हवं. नव्या प्रकल्पात फ्लॅट घेणार असाल तर करारातलं ते पान जरूर उघडून बघा. मात्र तिथे तुम्ही विकत घेता ते घर. शुश्रूषा वेगळी, तिचे पैसे वेगळे. उद्या आजोबांना भरवायची वेळ आली तर बाहेरची बाई ठेवू देतात का, ती रात्री झोपणार कुठे, हे बुकिंगच्या वेळी विचारणारी माणसं मला फार थोडी भेटली.

माझी आत्या शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात राहत होती. जागा छान, झाडं भरपूर, जेवण साधं पण गरम. एका सकाळी ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी आश्रमातून फोन आला की आम्ही यांना परत घेऊ शकत नाही. प्रवेश अर्जात ओळ होतीच, स्वतःची कामं स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश. त्यांच्या जागी ते चूक नव्हते. त्यांच्याकडे उचलायला माणसं नव्हती, नर्स नव्हती. महाराष्ट्रातले बहुतेक वृद्धाश्रम असेच चालतात, हिंडत्या-फिरत्या माणसांसाठी. म्हणजे आधाराची गरज सगळ्यात जास्त असते नेमकं तेव्हाच तिथून बाहेर पडावं लागतं. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभं राहून माझे आतेभाऊ मोबाइलवर शुश्रूषा केंद्रं शोधत होते. आत्याला काय हवं ते विचारायला तेव्हा कुणाला सवडच नव्हती.

त्या निमित्ताने मी अशी केंद्रं जवळून पाहिली. ऑफिसमधला सोफा आणि भिंतीवरचे वाढदिवसाचे फोटो बघून काहीच कळत नाही. शेवटच्या खोलीपर्यंत चालत जावं. लघवीचा वास येतो का? पाण्याचा पेला पडल्या पडल्या हात पोचेल असा ठेवलाय की खिडकीत? नखं कापलेली आहेत का? एका ठिकाणी पलंगाच्या पायथ्याशी दोरीने एक वही बांधली होती. कूस कधी बदलली, किती पाणी पोटात गेलं, शी झाली का, सगळं वेळेसकट लिहिलेलं, आणि दर नोंदीपुढे सही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी आणि टाचांना बेडसोअर होतात आणि ते भरता भरत नाहीत. तिथली मावशी एका आजींना वळवत होती. आधी खांद्यावर हात ठेवून ‘आजी, या कुशीवर घेते हां’ म्हणाली, आजींनी मान हलवेपर्यंत थांबली, मग एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून अलगद वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली. मिनिटभराचं काम. आत्यासाठी ती जागा घ्यावी असं मी भावांना त्या मिनिटावरून सांगितलं, आणि ती तिथेच आहे. वॉकर धरून जेवणाच्या टेबलापर्यंत जाते.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांचं गणित आणखी वेगळं. हाडापेरांनी धड, पण गॅस सुरू ठेवून बाहेर निघून जाणारी. त्यांच्यासाठी बंद फाटक, मोकळं अंगण आणि तोच प्रश्न विसाव्यांदा आला तरी शांतपणे उत्तर देणारी माणसं लागतात. अशी केंद्रं मोजकी आहेत. साधारण वृद्धाश्रमात तर अशा माणसाला घेतच नाहीत.

घरीच ठेवायचं तर शुश्रूषेला माणसं पुरवणारा ब्यूरो. बारा तासांची बाई, चोवीस तासांची बाई, पुरुष हवा असेल तर वॉर्डबॉय किंवा मामा. पुण्या-मुंबईत चोवीस तासांच्या बाईला महिन्याला पंचवीस-तीस हजार सहज जातात, त्यातला काही भाग ब्यूरोचा. चोवीस तास म्हणजे त्या बाईलाही झोप हवी, दोन वेळचं जेवण हवं, आणि दिवाळीत चार दिवस स्वतःच्या घरी जायला हवं. हे घरच्यांच्या ध्यानात येतं तेव्हा दिवाळी उंबरठ्यावर आलेली असते आणि बदली बाई मिळत नाही. या बायका बहुतेक लांबच्या गावांतून येतात, पडेल ते करतात. नाकातल्या नळीतून भरवायचं कसं, हे अनेकींना कुणी शिकवलेलंच नसतं. सरकारने चांगलं प्रशिक्षण, वेतनाची हमी आणि रजा या तीन गोष्टी त्यांच्यासाठी केल्या तर आपल्या म्हाताऱ्यांचं जितकं भलं होईल तितकं एखाद्या नव्या इमारतीने होणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

पैशांची दुसरी एक बाजू फार उशिरा कळते. मेडिक्लेम हॉस्पिटलात दाखल झाल्याचे पैसे देतो. आयुष्मान भारतमध्ये ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण मिळतं. कार्ड काढलं नसेल तर काढाच. पण ते पैसे हॉस्पिटलातल्या उपचारांचे. बाईचा पगार, डायपर, एअर बेड, केंद्राचं महिन्याचं शुल्क हे सगळं खिशातून, आणि ते वर्षानुवर्षं चालतं. ज्यांच्याकडे फ्लॅट आहे ते भाड्यातून निभावतात. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला पंधराशे रुपये. जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम राज्याने टप्प्याटप्प्याने काढावा, असं 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे. तरीही गरीब आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घेणारी जागा शोधताना दमछाक होते. पुण्यात नवी पेठेतला ‘निवारा’ एकोणिसाव्या शतकापासून निराधारांना आसरा देतो आहे. तसं काम तालुक्याच्या गावी कुठे आहे? कोकणात तर दोनच म्हातारी माणसं उरलेली घरं ओळीने आहेत, आणि तिथे ब्यूरो नाही.

कागदपत्रांचं थोडं सांगतो, कारण त्यात फार हाल होतात. आई-वडिलांचं मुखत्यारपत्र आहे म्हणून अनेक घरं निर्धास्त असतात. आपल्याकडे ते देणाऱ्याची निर्णयशक्ती गेली की मुखत्यारपत्रही संपतं, म्हणजे स्मृतिभ्रंशात ते नेमकं कामी येत नाही. बँकेचं खातं वेळेवर दोघांच्या नावावर करून घेणं जास्त उपयोगी. घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने देणार असाल तर माझा सांभाळ करण्याच्या अटीवर देतो, हे वाक्य त्यात लिहा. ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करून मिळू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला, पण लिहिलेल्या अटीसारखा आधार नाही. आणि शेवटी व्हेंटिलेटर नको असेल तर तसं इच्छापत्र आता करता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने ती मुभा दिली आणि 2023 मध्ये प्रक्रिया सोपी झाली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं.

नाताळच्या सुट्टीत परदेशातली मुलं येतील. त्या दिवसांत आई-वडिलांना बरोबर घेऊन दोन-तीन जागा बघून या. एकदा सांगून जा, एकदा न सांगता, दुपारी चारच्या सुमारास. अंथरुणाला खिळल्यावर ठेवता का आणि रात्री किती माणसं असतात, हे त्यांनाच विचारू द्या. काही केंद्रं पंधरा दिवस, महिनाभर राहून बघू देतात. तसं राहून बघावं आणि मगच डिपॉझिट भरावं.