छत्तीस फोटोंची रात्र

दिवाळी सरली की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस येतात. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गडचिरोली-चंद्रपूरच्या गावोगावी जातात. रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचे नाव देशभर पोचले. इथे गाणी अजून प्रेक्षकांसमोर गायली जातात, ऑर्गन आणि तबला तिथेच वाजतो. पण सकाळी कुणाचाही मोबाइल उघडून पाहा. नायक-नायिकेचे ढीगभर फोटो, वाजवणाऱ्यांचा मात्र एकही धड नाही. उजेड रंगमंचावर असतो आणि हे लोक अंधारात बसतात.

पुढे काय होते ते आम्ही पाहिले आहे. तबलजी अल्लाहला प्यारा होतो, घरचे भिंतीवर लावायला फोटो शोधतात आणि शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणतात. ज्या हातांनी शेकडो रात्री जागवल्या, ते हात त्यात नसतातच.

घरात जुना फिल्मचा कॅमेरा पडून असेल तर तो बाहेर काढा आणि त्यात काळा-पांढरा रोल भरा. इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स, दोन्हींची संवेदनशीलता ४००. कॅमेऱ्यावर मात्र १६०० लावायचे. मग जिथे सेकंदाचा पंधरावा भाग लागला असता तिथे साठावा पुरतो, आणि साध्या ५० मिलिमीटरच्या लेन्सने हातात धरूनही फोटो हलत नाही. या उधारीची फेड रोल धुताना होते. तो डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवावा लागतो, म्हणून लॅबला आधीच सांगावे आणि पूर्ण रोल याच हिशोबाने काढावा. दाणा जाड दिसेल, सावल्या गडद होतील. सावलीत जे उमटलेच नाही, ते जास्त धुतल्याने येत नाही.

मागचा काळा पडदा मीटरला फसवतो आणि चेहरा पांढराफटक येतो. म्हणून माप चेहऱ्याचेच घ्या. आपला सावळा-गव्हाळ वर्ण मीटरला हवा असतो तसा मधलाच आहे. लाल-हिरव्या दिव्यांनी रंगीत फोटोत चेहरे विचित्र दिसतात, इथे ती कटकटच नाही.

फ्लॅश मात्र नको. तो वाजवणाऱ्याचे डोळे दिपवतो आणि मैफलीचा अदबही मोडतो. रोलमध्ये फोटो छत्तीसच, तेव्हा आधी ऐकायला शिकावे लागते. समेवर पडण्याआधी तबलजीचा हात क्षणभर वर थांबतो. लांब सूर धरला की गायकाची मान स्थिर होते. उरुसातल्या कव्वालीत टाळीचे हात थोडे हललेले आले तरी बिघडत नाही, चेहरा तेवढा स्थिर हवा. हे क्षण कान देऊन बसलेल्यालाच आधी कळतात.

दयानिता सिंग अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत होत्या. झाकिर हुसेन यांच्या मैफलीत फोटो काढताना आयोजकांनी त्यांना अडवले, त्या धडपडल्याही. पण उस्तादांनी त्यांना जवळ येऊ दिले. पुढे कित्येक हिवाळे त्या या कलावंतांबरोबर दौऱ्यांवर फिरल्या आणि १९८६ साली ‘झाकिर हुसेन’ हे त्यांचे पहिले पुस्तक निघाले, काळ्या-पांढऱ्या फोटोंचे. झाकिरभाईंना त्या आपले गुरू मानतात. १५ डिसेंबर २०२४ ला उस्ताद गेले. त्या हिवाळ्यांतले त्यांचे तरुण हात आजही कागदावर आहेत.

आपल्या गावच्या ऑर्गनवाल्यावर कुणी पुस्तक काढणार नाही. पण एक रोल एका रात्रीपुरता खर्चता येतो. नाटकाआधी त्यांच्याजवळ जाऊन परवानगी मागा, चहाबरोबर चार गोष्टी करा. निगेटिव्ह कोरड्या डब्यात जपून ठेवा, मोबाइल बदलला तरी ती हरवत नाही. आणि छापलेला पहिला फोटो त्यांच्या घरी नेऊन द्या, ते हयात असतानाच.