घरपट्टीचा हिशेब घरमालकाच्या हाती द्या

घरपट्टी जास्त आहे, ही परभणीकरांची तक्रार जुनीच. पण आकारणी नेमकी कुठे आणि किती चुकली हे सांगू शकणारा घरमालक विरळा, कारण चूक शोधायला लागणारा हिशेब त्याच्या हाती पडतच नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मधील भाडेमूल्याच्या पद्धतीत घराला वर्षाकाठी किती भाडे मिळू शकेल याचा वाजवी अंदाज धरतात, दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करतात आणि उरते ते करयोग्य मूल्य. समजा, 600 चौरस फुटांच्या घराला महिना 2 रुपये चौरस फूट असा दर लावला, तर वार्षिक भाडे 14,400 आणि करयोग्य मूल्य 12,960 रुपये होते. तेच घर मोजणीत 750 फूट लिहिले गेले की मूल्य 16,200 वर जाते, आणि नोंद दुरुस्त होईपर्यंत ही चूक दरवर्षी वसूल होत राहते. जुन्या वस्तीतले माळवदाचे घर आरसीसी म्हणून, किंवा मालक स्वतः राहतो ते घर भाड्याने दिलेले म्हणून नोंदले गेले, तरी तोच प्रकार.

कायद्याने दाद मागण्याची सोय केली आहे. आकारणी पुस्तक घरमालकाला विनाशुल्क पाहता येते, त्यातली आपली नोंद उतरवून घेता येते. हरकतीसाठी जाहीर नोटिशीपासून किमान 15 दिवस द्यावे लागतात. मूल्य वाढले किंवा घर पहिल्यांदाच नोंदले, तर स्वतंत्र लेखी नोटीस द्यावी लागते आणि हरकतीवर सुनावणी घ्यावी लागते. निकाल पटला नाही तर कलम 406 नुसार न्यायाधीशांकडे अपील करता येते. मात्र तेही 15 दिवसांत, आधी हरकत नोंदवलेली असेल तर, आणि बिल आलेले असल्यास त्याची रक्कम भरूनच. म्हणजे पहिली हरकत हुकली की करयोग्य मूल्याविरुद्ध अपिलाची वाटही बंद. बिल हाती पडल्यावर जागा होणारा नागरिक तिथेच अडकतो. रागाने बिल थकवले तर दरमहा 2 टक्के शास्ती चढते.

महापालिकेची बाजू आम्ही नाकारत नाही. जकात गेली, 2015 मध्ये स्थानिक संस्था करही (एलबीटी) बव्हंशी गेला. घरपट्टी हे तिच्या हातचे मोठे साधन उरले आहे. अपिलाआधी रक्कम भरण्याची अट काढून टाका, ही मागणीही आम्हाला मान्य नाही, कारण तिने वसुली वर्षानुवर्षे लटकेल. पण ही अट न्याय्य ठरायची असेल, तर हरकतीवरची सुनावणी खरी असायला हवी. आकारणीचा हिशेब नोटिशीवर आणि बिलावर छापला तर हरकतींचा पूर येईल, अशी भीती घातली जाते. पूर आलाच, तर त्याचा अर्थ नोंदी चुकलेल्या आहेत. शिवाय शेजारच्या घराचे क्षेत्रफळ कमी लागले असेल, तर तेही याच वाटेने उजेडात येईल, आणि त्यात महापालिकेचाच फायदा आहे. शास्तीमाफीच्या अभय योजना चुकीच्या आकारणीवर उपाय नव्हेत. चुकीचे बिल मुकाट्याने भरणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही.

पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकांची 1970 पासूनची 40 टक्के सवलत काढली गेली, तेव्हा शहराने आवाज उठवला आणि 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती परत दिली. परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ, पूर्णा किंवा पालमच्या घरमालकामागे एवढे बळ नाही. तिथे नगरपरिषदांचा 1965 चा वेगळा कायदा लागू असला, तरी आकारणी यादीवर वेळेत घेतलेली हरकत हीच पहिली पायरी आहे.

म्हणून मोजलेले क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार व वर्ष, वापर, लावलेला दर आणि वजावट हा सगळा तपशील प्रत्येक नोटिशीवर आणि बिलावर मराठीत छापला जावा. सुनावणी प्रभाग कार्यालयातच व्हावी, मोजमापाचा वाद असेल तर घरमालकासमोर पुन्हा फीत लावावी आणि निकालाची कारणे लेखी द्यावीत. यासाठी नवा कायदा लागत नाही. पुढच्या फेरआकारणीची पहिली नोटीस निघण्याआधी परभणीच्या आयुक्तांनी तसे आदेश काढावेत.