धसका कोणी दिला?



मागच्या महिन्यात आमच्या सल्ला केंद्रात एक तरुण बाई आईबरोबर आली. आईच बोलत होती. "ताई, हिनं नवऱ्याचा धसका घेतलाय. जेवत नाही, दार वाजलं की अंग काढून घेते. आता काही होणार नाही म्हणते." मी नोंदवहीत लिहिलं, 'धसका घेतला आहे'. संध्याकाळी ते वाचताना माझं मलाच खटकलं.

मराठीत भीतीला शब्द पुष्कळ. दचकणं क्षणाचं असतं, धास्ती पुढच्या संकटाची असते. धसका मात्र आत बसतो. त्यात घाबरणं असतं आणि धीर खचणंही. पण वाक्यं पाहा. धसका बाई 'घेते', नाहीतर तो आपोआप 'बसतो'. देणारा वाक्यात कुठेच नाही. मग 'बाईच भित्री' म्हणायला सगळे मोकळे.

न्यायालयातही हे घडलं आहे. १९७२ च्या मथुरा प्रकरणात उच्च न्यायालयाने भीतीपोटीची शरणागती म्हणजे संमती नव्हे, असं मानलं. सर्वोच्च न्यायालयाला ती भीती दिसली नाही. अंगावर जखमा नाहीत म्हणून दोन्ही पोलीस सुटले. १९८० साली बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी आलेल्या ४९८ अ कलमात मानसिक इजाही क्रूरता ठरली. ती तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातही शाब्दिक आणि भावनिक छळ आहे.

म्हणजे कायद्यात जागा आहे. ती आपल्या ढिल्या लिहिण्यामुळे वाया जाते. 'धसका घेतला' यावरून संरक्षण अधिकाऱ्याला काय कळणार?

मी तिला पुन्हा बोलावलं, या वेळी एकटीला. "कशाचा धसका?" एवढंच विचारलं. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "मारत नाही तो. उशाशी कोयता ठेवून झोपतो. म्हणतो, तू झोप निवांत."

मी तारखा विचारल्या, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले, वाचून दाखवले. "हं, असंच," ती म्हणाली आणि स्वतःच्या हातानं सही केली.

आपापल्या केंद्रांतल्या नोंदवह्या एकदा उघडून पाहूया. जिथे 'धसका' लिहिलं असेल, तिथे कोणी दिला, कसा दिला, हेही लिहूया.